चाचा रामगुलाम : मॉरिशसचे शिल्पकार

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक चिमुकले बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हजारो हिंदी मजूर करारावर नेण्यात आले. त्यांत बिहारचे लोक पुष्कळ होते. पण कोकण-देशावरचे मराठी मजूरही आपल्या मुंबई बंदरातून जहाजावर चढले. त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. या बेटाचे पहिले पंतप्रधान डॉ. शिवसागर रामगुलाम हे अशाच एका मजुराचे पुत्र होते.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०० रोजी बेल रीव्ह या खेड्यात झाला. सातव्या वर्षी वडील वारले. बाराव्या वर्षी गोठ्यातील अपघातात डावा डोळा गेला. तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही. थोरल्या भावाच्या मदतीने १९२१ साली ते लंडनला गेले आणि १९३५ साली डॉक्टर होऊन परतले.

त्यापूर्वी, १९०१ साली, गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला येताना मॉरिशसला थांबले होते. पोर्ट लुई शहरातील ताहेर बागेत मुस्लिम समाजाने त्यांचा सत्कार केला. मुलांना शिकवा, सार्वजनिक कार्यात भाग घ्या, असा सल्ला त्यांनी तेथील हिंदी लोकांना दिला. रामगुलाम यांनी पुढे तोच मार्ग धरला.

स्वातंत्र्याची वाट सोपी नव्हती. हिंदू, मुस्लिम, आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती, चिनी, फ्रेंच असे नाना समाज त्या बेटावर राहतात. १९६७ च्या निवडणुकीत रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या. परंतु सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. बहुसंख्याकांचे राज्य आले तर आपले काय होईल, ही भीती त्यामागे होती. अशा वेळी मुस्लिमांचे नेते, कलकत्त्यात जन्मलेले अब्दुल रझाक मोहम्मद, रामगुलाम यांच्या बाजूने उभे राहिले. लहान समाजांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून पराभूत उमेदवारांतून आठ जास्तीचे सभासद घेण्याची तरतूदही राज्यघटनेत झाली.

१९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल उसळली व ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा तणावातच १२ मार्च १९६८ रोजी नवा ध्वज फडकला. देशाची निर्यात जवळजवळ सर्व साखरेची. लोकसंख्या वाढती आणि बेकारी मोठी. रामगुलाम यांनी १९६९ साली विरोधी पक्षाचे नेते गाएतां द्युवाल यांना मंत्रिमंडळात घेतले. काल स्वातंत्र्याला विरोध करणारा आज त्याच देशाचा परराष्ट्रमंत्री झाला! १९७० साली निर्यातीसाठी माल करणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला आणि उसाच्या मळ्याखेरीज दुसरा रोजगार उभा राहू लागला.

या काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संपांमुळे १९७१ साली आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर बंधने आली, आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. २० मे १९७५ रोजी हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मोफत शिक्षण ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पोलिसांनी त्यांना अडवले; पण ती मागणी अडवता आली नाही. जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. फीअभावी घरी बसणारी मळेवाल्या मजुरांची मुले, विशेषतः मुली, शाळेत येऊ लागल्या.

१९८२ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष साफ हरला. स्वतः रामगुलामही पडले. त्यांनी निकाल मान्य करून सत्ता शांतपणे सोडली. पुढे ते गव्हर्नर-जनरल झाले. १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. लोक त्यांना प्रेमाने चाचा म्हणत.

पालकहो, त्या बेटावर सोने नव्हते, तेल नव्हते. होती ती माणसे. भिन्न धर्मांच्या लोकांना एका घरात नांदवणे आणि गरिबाच्या मुलामुलींना शाळेचे दार उघडणे, या दोन गोष्टींवर तो देश उभा राहिला. आपल्या गल्लीतील एकही मुलगा, एकही मुलगी फीपायी किंवा घरकामापायी शाळेतून गळणार नाही, एवढे आपण पाहिले तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागेल.