रॅडक्लिफ साहेबांचे सामान्य ज्ञान

महागड्या शाळेत शिकलेली एखादी नामवंत व्यक्ती टीव्हीवर साध्या प्रश्नाला अडखळते आणि दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचतो. राष्ट्रपतींचे नाव चुकले, एखाद्या राज्याची राजधानी चुकली, की आपण दोन दिवस हसतो आणि विसरतो. त्यात कुणाचे फारसे बिघडत नाही. पण न पाहिलेल्या देशाचा नकाशा आणि पेन्सिल अशाच एखाद्या उच्चविद्याविभूषित माणसाच्या हातात दिली तर काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर सर सिरिल रॅडक्लिफ यांचे आयुष्य पाहावे लागते. बौद्ध तरुणांनी तर ते जरूर पाहावे. भारत-पाकिस्तान सीमारेषा म्हटले की आपल्याला पंजाब आठवतो, कोलकाता आठवते. त्याच रेषेने एक अख्खा बौद्धबहुल प्रदेश पाकिस्तानात टाकला, हे आपल्या चळवळीतल्या कितीजणांना माहीत आहे?

रॅडक्लिफ यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी वेल्समध्ये झाला. वडील लष्करात कॅप्टन होते. शालेय शिक्षण हेलिबरी या नामांकित शाळेत झाले. ही शाळा जिथे भरते तिथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे कॉलेज होते. हिंदुस्थानावर राज्य करायला येणारे गोरे अधिकारी तिथे घडवले जात. १८५८ साली ते कॉलेज बंद झाले आणि १८६२ पासून तिथे शाळा सुरू झाली. १९४७ साली ब्रिटनचे पंतप्रधान असलेले क्लेमंट ॲटली हेही याच शाळेचे विद्यार्थी. म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करणारे ज्या आवारात तयार झाले, त्याच आवारात हिंदुस्थान सोडून जाणारा पंतप्रधान शिकला आणि जाताना त्याचे तुकडे करणारा वकीलही तिथेच शिकला.

पहिल्या महायुद्धात नजर कमजोर असल्यामुळे रॅडक्लिफ यांना लढाऊ पलटणीत घेतले नाही, ते लेबर कोअरमध्ये होते. युद्धानंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी ग्रीक, लॅटिन, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान असा अभ्यासक्रम घेतला आणि पहिला वर्ग मिळवला. १९२२ साली ऑल सोल्सचे फेलो झाले. या संस्थेत साधे विद्यार्थी नसतातच, निवडक विद्वानच घेतात. १९२४ मध्ये बॅरिस्टर, १९३५ मध्ये किंग्ज काउन्सेल. लंडनच्या पहिल्या रांगेतल्या वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५, ते ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाचे महासंचालक होते. लोकांना कोणती माहिती द्यायची आणि कोणती रोखायची, हे ज्या खात्यात ठरत होते त्याचे ते प्रमुख. बुद्धी, पदवी, पद, प्रतिष्ठा यांपैकी कशाचीच कमतरता नव्हती, आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर आम्हालाही शंका घ्यायची नाही. फक्त हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते.

८ जुलै १९४७ रोजी ते दिल्लीत उतरले. स्वातंत्र्याचा दिवस १५ ऑगस्ट ठरलेला होता. हातात पाच आठवडे. पंजाब आणि बंगाल हे दोन मोठे प्रांत कापायचे होते आणि दोन्ही सीमा आयोगांचे अध्यक्ष तेच होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्यांना इथले काही माहीत नव्हते, ही त्यांची उणीव मानली गेली नव्हती. तीच त्यांची पात्रता ठरली. इथली ओळख नाही म्हणून पक्षपात नाही, असा हिशेब होता, आणि तो काँग्रेस व मुस्लिम लीग या दोघांनीही मान्य केला. समाजशास्त्र शिकताना आणि पुढे वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा हिशेब पुन्हा पुन्हा भेटला आहे. वस्तीच्या पुनर्वसनाची पाहणी करायला ज्याने आयुष्यात कधी अशी वस्ती पाहिली नाही तो तटस्थ ठरतो, आणि तिथे जन्मलेला, पाण्याच्या नळाची वेळ तोंडपाठ असलेला कार्यकर्ता मात्र एका बाजूचा ठरतो. अनुभव असला की माणूस संशयित. नसला की तज्ज्ञ.

प्रत्येक आयोगावर चार न्यायाधीश होते, दोन काँग्रेसच्या पसंतीचे, दोन लीगच्या. त्यांची मते अपेक्षेप्रमाणे दोन-दोन अशी विभागली आणि सगळा निर्णय अध्यक्षांवर येऊन पडला. सुनावण्या कोलकात्यात आणि लाहोरमध्ये चालल्या. रॅडक्लिफ त्यांना बसले नाहीत, कामकाजाचे कागद त्यांच्याकडे दिल्लीत पाठवले जात. ते कागद, नकाशे आणि १९४१ च्या जनगणनेचे आकडे एवढ्यावर मुख्यतः काम उरकायचे होते. मुस्लिम बहुसंख्येचे सलग भाग एकीकडे, मुस्लिमेतर बहुसंख्येचे सलग भाग दुसरीकडे, असा निकष दिलेला होता. शिवाय इतर बाबींचाही विचार करावा अशी एक मोकळी पळवाट जोडली होती. बौद्धांसाठी वेगळा रकाना नव्हता. ते मुस्लिमेतर या शब्दात कुठेतरी होते.

आता चितगाव डोंगरी प्रदेशाकडे येऊ. बंगालच्या आग्नेय टोकाचा हा डोंगराळ मुलूख. चकमा, मारमा, त्रिपुरा अशा अनेक जमातींचे लोक तिथे राहत. चकमा आणि मारमा हे बौद्ध, आणि त्यांचीच संख्या मोठी. १९४१ च्या जनगणनेप्रमाणे एकूण लोकसंख्या सुमारे अडीच लाख आणि त्यात मुस्लिम सुमारे ३ टक्के. दिलेला निकष लावला तर प्रश्न उरतच नव्हता. तरीही हा प्रदेश पाकिस्तानला देण्यात आला.

हे अज्ञानातून झाले असे म्हणून मोकळे होता येत नाही. तो ३ टक्क्यांचा आकडा रॅडक्लिफ यांना माहीत होता. त्यांच्या निवाड्यातच त्याचा उल्लेख आहे. मुस्लिम इतके कमी असूनही, ज्या राज्याकडे चितगाव जिल्हा जाईल त्याच्यापासून हा डोंगरी भाग वेगळा काढणे अवघड आहे, असा पेच त्यांनी तिथे नोंदवला. चितगाव हे बंदर, कर्णफुली नदी डोंगरातून उतरून त्याच बंदराकडे जाते, असा तो विचार. उत्तराची कारणे मात्र त्यांनी दिली नाहीत. निवाड्यात सीमेचे वर्णन मिळते, समर्थन मिळत नाही. म्हणून आम्ही सामान्य ज्ञान म्हणतो ते आकडे पाठ असण्याला नव्हे. आकडा त्यांच्याकडे होता. त्या आकड्यामागे विहारे आहेत, झूमची शेती आहे, स्वतःचे राजे आणि गावप्रमुख असलेला समाज आहे, आणि त्याला उद्या नव्या धार्मिक राष्ट्रात जगायचे आहे, हे ऑक्सफर्डच्या कुठल्याही परीक्षेत विचारले गेले नव्हते.

आणि सांगायला तरी कोण होते? १९३५ च्या कायद्याने हा प्रदेश वगळलेले क्षेत्र ठरवला होता. बंगालच्या विधिमंडळात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. आयोगावरच्या आठ न्यायाधीशांत कुणी बौद्ध नव्हता. गोलमेज परिषदेपासून बाबासाहेब प्रतिनिधित्वासाठी एवढे का भांडले, याचे उत्तर शोधायला पुस्तक उघडायची गरज नाही. रांगामाटीचा नकाशा उघडला तरी पुरे.

बाबासाहेबांचे नाव निघालेच आहे तर एक तुलना केलीच पाहिजे, कारण पदव्यांच्या बाबतीत ते रॅडक्लिफ यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. मोठ्या विद्यापीठात शिकणे म्हणजे लोकांपासून तुटणे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण १९४० साली त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात पंजाब, बंगाल आणि आसामचे नकाशे जोडले, जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते दिले, सीमा बदलल्या तर अल्पसंख्याकांचे काय होईल याची चर्चा केली. रॅडक्लिफ दिल्लीत उतरण्याच्या सात वर्षे आधीचे हे काम आहे. फाळणीचा फटका खुद्द बाबासाहेबांनाही बसला. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या कार्यकर्त्यांच्या बळावर ते तिथून संविधान सभेत गेले होते. बंगालच्या फाळणीने ते सदस्यत्व संपले आणि जुलै १९४७ मध्ये त्यांना मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून यावे लागले.

निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला. म्हणजे दोन देश आधी स्वतंत्र झाले आणि आपण कुठल्या देशात आहोत हे लोकांना नंतर कळले. मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता, खुलन्यात भारताचा. दोन्ही उतरवावे लागले. रांगामाटीत १५ ऑगस्टला स्नेहकुमार चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरंगा फडकवला होता. २१ ऑगस्टला पाकिस्तानच्या बलुच रेजिमेंटने येऊन तो उतरवला. सरदार पटेलांनी १३ ऑगस्टलाच माउंटबॅटन यांना पत्र लिहून या प्रदेशाबाबत तीव्र निषेध नोंदवला होता, १६ तारखेला नेत्यांच्या बैठकीतही विषय निघाला. पण निवाडा बदलायचा नाही असे सगळ्यांनी आधीच कबूल केले होते. पंजाब जळत असताना अडीच लाख डोंगरी लोकांसाठी कोण अडून बसणार?

रॅडक्लिफ मात्र १७ ऑगस्टलाच विमानाने निघून गेले. आयोगाची कागदपत्रे त्यांनी नष्ट केली. कामाचे मानधन घेतले नाही असे सांगतात. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली, लाखो मेली. ते पुन्हा कधी या भूमीवर आले नाहीत.

मायदेशी त्यांची चढती कमान चालूच राहिली. १९४९ साली ते थेट वकिलीतून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठावर गेले. १९५१ साली बीबीसीची मानाची रीथ व्याख्याने दिली, विषय सत्तेचा होता. १९५६ मध्ये त्यांना सायप्रसच्या संविधानाचा आराखडा करायला पाठवले, म्हणजे दुसऱ्यांच्या देशाचा प्रश्न सोडवायला अजूनही तेच. चलनव्यवस्थेवरच्या त्यांच्या समितीचा १९५९ चा अहवाल अर्थशास्त्रात आजही ओळखला जातो. १९६२ साली व्हायकाउंट, १९६६ पासून वॉरविक विद्यापीठाचे कुलपती. १ एप्रिल १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच काळात डोंगरात काय चालले होते? पाकिस्तान सरकारने कर्णफुलीवर काप्ताई येथे धरण बांधले. १९६२ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली, म्हणजे त्या प्रदेशातल्या लागवडीयोग्य जमिनीचा ४० टक्के भाग. सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांत बहुसंख्य चकमा होते. रांगामाटीचा जुना राजवाडाही बुडाला. बांगलादेश झाल्यावर सशस्त्र संघर्षाची दोन दशके गेली, २ डिसेंबर १९९७ ला करार झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तक्रार अजून संपलेली नाही.

१९६४ नंतर हजारो चकमा आणि हाजोंग सीमा ओलांडून भारतात आले. सरकारने त्यांना तेव्हाच्या नेफामध्ये, आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. १९९६ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हुसकावून लावता येणार नाही असा निकाल दिला. २०१५ साली पुन्हा नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे आदेश दिले. १९४७ साली ज्यांच्या आजोबांनी रांगामाटीत तिरंगा फडकवला, त्यांच्यातल्या अनेकांची नातवंडे चांगलांग जिल्ह्यात आजही आपण भारतीय असल्याचा कागद मागत कार्यालयाच्या दारात उभी आहेत.