नोबेलच्या छातीतली कळ

आल्फ्रेड नोबेल म्हटले, की कुणाला सुरुंगाची दारू आठवते, कुणाला स्टॉकहोमचा पारितोषिक समारंभ. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो १८९६ च्या ऑक्टोबरातला नोबेल. नुकतीच वयाची त्रेसष्ट वर्षे पुरी केलेला, पॅरिसमध्ये एकटा, छातीतल्या कळांनी हैराण. डॉक्टरांनी त्याला औषध लिहून दिले ते नायट्रोग्लिसरीन! ज्या द्रवाने त्याला अफाट पैसा दिला आणि ज्याने त्याचा धाकटा भाऊ नेला, तोच आता पोटात घ्यायचा. लोकांनी बिचकू नये म्हणून औषधाचे नाव तेवढे ट्रायनायट्रिन ठेवलेले. नियतीची ही थट्टा नोबेलने आपला तरुण सहाय्यक राग्नार सोलमन याला पत्राने कळवली. त्या थट्टेमागचे शास्त्र कळायला मात्र आणखी ऐंशी वर्षे जायची होती.

नोबेलचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ चा, स्टॉकहोमचा. वडील इमॅन्युएल मोठे कल्पक, पण व्यवहारात दिवाळे वाजलेले. नशीब काढायला ते रशियात गेले, सेंट पीटर्सबर्गला पाणसुरुंग बनवू लागले आणि १८४२ मध्ये कुटुंबही तिकडे नेले. आल्फ्रेडचे शिक्षण घरी शिक्षक ठेवून झाले. पाच भाषा त्याला अवगत होत्या. पुढे पॅरिसला पेलूझ यांच्या प्रयोगशाळेत त्याची गाठ आस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाशी पडली. सोब्रेरोने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन प्रथम तयार केले होते, आणि आपल्याच या अपत्याची त्याला धास्ती वाटे. किंचित जिभेवर ठेवले तरी डोके ठणकू लागते, हेही त्याने नोंदवले होते. हे ठणकणारे डोके वाचकांनी ध्यानात ठेवावे. साऱ्या गोष्टीचा धागा तिथेच आहे.

३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोममधल्या हेलेनेबोर्ग येथे स्फोट झाला. धाकटा एमिल आणि आणखी काही जण त्यात गेले. दुसरा कुणी असता तर धंदा सोडता. नोबेलने तळ्यात पडाव नांगरून त्यावर काम चालू ठेवले, आणि १८६७ मध्ये हा चंचल द्रव सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केले. मग देशोदेशी कारखाने निघाले. तिथल्या कामगारांचे डोके नेमके सोमवारी दुखे, कारण आठवडाभरात अंगाला पडलेली सवय रविवारच्या सुटीत मोडे. खुद्द मालकालाही ही डोकेदुखी चुकली नाही. रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावत होत्या, एवढाच त्याचा अर्थ. हेच सैलावणे हृद्‌रोग्याच्या उपयोगी पडते, हे लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने १८७९ मध्ये प्रसिद्ध केले.

नोबेल अविवाहित राहिला. बर्था किन्स्की काही दिवस चिटणीस म्हणून आली आणि दुसऱ्याशी लग्न करायला निघून गेली; सोफी हेस या तरुणीशी अठरा वर्षे नाते राहिले, तेही कडवट होऊन संपले. पुढे ज्या गोळीविषयी मी लिहिणार आहे, तिचा संबंध या एकटेपणाशी कुणी जोडू नये. तसा काही पुरावा नाही. १० डिसेंबर १८९६ ला इटलीतील सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला.

१९७७ मध्ये फेरिद मुराद यांनी दाखवले, की नायट्रोग्लिसरीनमधून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तोच स्नायू सैल करतो. रॉबर्ट फर्चगॉट आणि लुइस इग्नारो यांनी १९८६ मध्ये पुढचे कोडे सोडवले : हाच वायू आपल्या रक्तवाहिन्या स्वतःही तयार करतात! कामोद्दीपन झाले, की शिश्नातील मज्जातंतू हाच वायू सोडतात. त्याने सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य वाढते, स्नायू सैलावतात, रक्त आत भरते, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. काम झाले की पीडीई-५ हे विकर त्या द्रव्याचा निकाल लावते. इंग्लंडातील सँडविच गावी फायझरचे संशोधक हृद्‌शूळावर औषध शोधत असता त्यांना सिल्डेनाफिल मिळाले. छातीवर गुण बेताचाच. पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला. ही गोळी त्या विकराला अडवते. ती इच्छा निर्माण करत नाही. मुळात वायूच सुटला नाही, तर तिला करण्यासारखे काही उरत नाही. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत व्हायग्रा नावाने तिला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी या तिघा शास्त्रज्ञांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक!

माझी बरीच वर्षे औषधाच्या दुकानात गेली. ही गोळी मागणारा दुकान रिकामे व्हायची वाट पाहतो, चिठोऱ्यावर नाव लिहून आणतो आणि छातीसाठी काही चालू आहे का विचारले, की नुसती मान हलवून निघू पाहतो. खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असली तरी! सॉर्बिट्रेट हे नोबेलच्या औषधाचेच भावंड. एक औषध वायू पुरवते, दुसरे त्याचा परिणाम ओसरू देत नाही. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावतोही. नायट्रेट नेहमी घेणाऱ्याला ही गोळी वर्ज्यच. आणि गोळी घेतल्यावर छातीत कळ आलीच, तर सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास, टॅडालाफिलनंतर ४८ तास जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचे नाही. तडक इस्पितळ गाठायचे आणि तिथल्या डॉक्टरांना काय घेतले, केव्हा घेतले ते सांगायचे. बायकोमुले शेजारी उभी असतात, आणि नेमके तेवढेच सांगायचे राहते.