सेकंड-हँड गाडी घेतली, नट न् नट खोलला आणि त्यातून रोल्स रॉईस उभी राहिली

रोल्स रॉईस म्हणलं की आपल्याकडं पहिल्यांदा आठवते ती महाराजांची गोष्ट. लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून कुठल्याशा महाराजांनी रोल्स रॉईस घेतल्या, त्यांना पुढं झाडू बांधले आणि शहराचा कचरा गोळा करायला लावला. व्हॉट्सॲपवर ही गोष्ट दर सहा महिन्यांनी येते. दरवेळी महाराज तेवढे बदलतात.

खरं-खोटं बाजूला ठेवू. पण या गाडीच्या नावात जो रॉईस आहे, त्याचा राजवाड्याशी दूरदूरचा संबंध नव्हता. तो पेपर विकणारा पोरगा होता. चाळिशीला टेकला तेव्हा तब्येत ढासळलेली, धंदा मंदावलेला, आणि अशा वेळी त्यानं एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतली. पुढचं सगळं त्या जुन्या गाडीमुळं घडलं.

त्याचं पूर्ण नाव फ्रेडरिक हेन्री रॉईस. जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या अल्वाल्टन गावचा. वडील पिठाची गिरणी चालवायचे. ती बुडाली आणि कुटुंबाला लंडनला यावं लागलं. हेन्री ९ वर्षांचा असताना वडील गेले. मग पेपर विकणं, घरोघरी तारा पोचवणं असली कामं करत तो वाढला. शाळेचं म्हणाल तर वर्ष-दीड वर्षाची हजेरी, तीही तुटक तुटक.

पोराला मशीनची आवड आहे हे त्याच्या मावशीनं ओळखलं. वर्षाला २० पौंड भरून तिनं त्याला पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून चिकटवलं. तिथं तो ज्यांच्या घरी राहायचा त्या घरमालकांनी मागच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं होतं. लेथ होती, सुताराचा बाक होता. दिवसा रेल्वेत आणि संध्याकाळी या शेडमध्ये हेन्रीचा हात बसत गेला. कानस कशी धरायची, दोन भाग एकमेकांत बेमालूम कसे बसवायचे हे तो तिथंच शिकला.

तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले. शिक्षण अर्धवट राहिलं, सर्टिफिकेट मिळालंच नाही. पुढं लीड्सला आठवड्याला ११ शिलिंगवर अवजारं बनवायच्या कामाला लागला, मग लंडनला वीज कंपनीत आला. वीज तेव्हा अगदी नवी होती. त्या क्षेत्रात कुणी कागद मागत नव्हतं, काम येतंय का एवढंच बघत होते. याला येत होतं.

१८८४ साली स्वतःचे २० पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या भागीदाराचे ५० पौंड एवढ्या भांडवलावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर कारखाना सुरू झाला. दाराच्या इलेक्ट्रिक बेल, दिव्यांचे होल्डर अशी किरकोळ कामं. दोघं वर्कशॉपच्या वरच्या खोलीतच राहायचे. हळूहळू डायनॅमो आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन बनू लागल्या आणि त्या टिकाऊ म्हणून नाव झालं.

या सगळ्यात माणूस जेवायचं विसरायचा. कारखान्यातला एखादा पोरगा दुधाचा ग्लास घेऊन त्याच्या मागं फिरायचा, असं सांगतात. रात्री घरी आला तर अंगणात विजेचे दिवे लावून बागकाम. झोप केव्हा घ्यायचा कुणास ठाऊक.

शरीर किती दिवस ऐकणार? १९०२ साली ते बसलं. त्यात बोअर युद्धानंतर क्रेनची मागणी घटली आणि जर्मनी-अमेरिकेतून स्वस्त माल येऊ लागला. रॉईसनं दर्जा उतरवून स्पर्धा करायला साफ नकार दिला. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी जबरदस्तीनं त्याला १० आठवड्यांच्या सुट्टीवर दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. बोटीवर विश्रांती घ्यायची सोडून या गड्यानं मोटारगाडीची रचना आणि देखभाल यावरचं पुस्तक वाचून काढलं.

परत आल्यावर १९०३ साली त्यानं १० हॉर्सपॉवरची सेकंड-हँड डेकोव्हिल गाडी घेतली. डेकोव्हिल ही फ्रेंच कंपनी मुळात छोट्या रुळांच्या रेल्वेसाठी प्रसिद्ध.

इथं एक लोकप्रिय किस्सा येतो. गाडी रेल्वेनं मँचेस्टरला आली, स्टेशनवर काही केल्या चालूच होईना, शेवटी माणसं लावून ढकलत कारखान्यात न्यावी लागली आणि चिडलेल्या रॉईसनं याहून चांगली गाडी स्वतःच बनवायचं ठरवलं. सांगायला किस्सा भारी आहे, पण त्यात डेकोव्हिलवर अन्याय होतो. त्या काळच्या मानानं ती चांगली गाडी होती. रॉईसनं ती चांगली म्हणूनच निवडली, घेतानाच खोलायच्या इराद्यानं घेतली, असं आता रोल्स रॉईस कंपनीही सांगते. हेच जास्त पटतं. चिडलेला माणूस गाडी विकून टाकतो, नट न् नट खोलून प्रत्येक भाग तपासत बसत नाही.

आता त्या काळची गाडी ठेवणं म्हणजे काय प्रकार होता ते बघू. गॅरेज नावाची गोष्ट जवळपास नव्हतीच. गाडी बंद पडली की मालकानं किंवा त्याच्या ड्रायव्हरनं बाही सरसावून स्वतःच खाली घुसायचं. आणि ती बंद पडायचीच. इग्निशनमध्ये कॉइलवरचा एक पातळ पत्रा सतत थरथरायचा, त्याचे पॉइंट जळायचे, झिजायचे. मग ठिणगी कमजोर आणि इंजिन अडखळायला सुरुवात. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वेग बदलला की बिघडायचं, त्यामुळं चालवणाऱ्याचा एक हात कायम हवेच्या दांडीवर. बाकी धडधड इतकी की नट-बोल्ट वाटेत सैल व्हायचे.

बहुतेकांनी हे नशीब म्हणून स्वीकारलं होतं. गाडी म्हणलं की हे असायचंच.

रॉईसचा धंदाच विजेचा. डायनॅमोमध्ये नको तिथं ठिणगी उडू नये यासाठी त्यानं आयुष्याची वर्षं घालवली होती. त्यामुळं इग्निशनमधला दोष त्याला आधी खटकला. तिथून तो कार्ब्युरेटरवर गेला, मग इंजिन थंड ठेवण्यावर, मग सायलेन्सरवर. यातला एकही भाग त्यानं नव्यानं शोधलेला नव्हता. डेकोव्हिलमध्ये जे होतं तेच, पण प्रत्येक ठिकाणी का बिघडतं हे शोधून ते कारण काढून टाकायचं.

जुनी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. एका वेळी एक दोष धरायचा, तो गेला की पुढचा. फरक एवढाच की आपण गाडी चालू झाली की थांबतो, रॉईस तिथून सुरुवात करायचा. चालतंय की, ही वृत्ती त्याला अजिबात सहन व्हायची नाही. झाडूवाल्याला झाडू कसा धरायचा हेही तो दाखवायचा म्हणे. अशा मालकाच्या हाताखाली काम करणं सुखाचं नसणार.

अखेर त्यानं स्वतःच्या तीन गाड्या बनवायला घेतल्या. दोन शिकाऊ पोरं मदतीला होती. क्लेअरमाँटला हा नसता उद्योग वाटत होता आणि त्याचंही चूक नव्हतं. क्रेनचा धंदा अडचणीत असताना मालक गाड्यांमध्ये रमलाय म्हणल्यावर भागीदार काळजी करणारच. १६ सप्टेंबर १९०३ ला दोन सिलिंडरचं पहिलं इंजिन सुरू झालं. १ एप्रिल १९०४ ला पहिली गाडी कुक स्ट्रीटवरून बाहेर पडली आणि साधारण २४ किलोमीटरवर नट्सफर्डला रॉईसच्या घरी जाऊन पोचली. वाटेत ढकलावी लागली नाही. एप्रिल फूलच्या दिवशी, हे विशेष.

चार्ल्स रोल्स हा लॉर्डचा मुलगा. लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा. ब्रिटिश गाडीत दम नाही याची त्याला खंत होती, पण दोन सिलिंडरची गाडी म्हणजे खडखडाट असंही त्याचं पक्कं मत होतं. हेन्री एडमंड्स या ओळखीच्या माणसानं गळ घातली म्हणून ४ मे १९०४ ला तो मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात रॉईसला भेटला. गाडीत बसून फेरी मारली आणि मत बदललं. रॉईस बनवेल तेवढ्या गाड्या रोल्स विकणार, असं ठरलं. १९०६ साली रोल्स रॉईस लिमिटेड कंपनी झाली.

त्यांच्या ४०/५० हॉर्सपॉवरच्या गाडीला पुढं सिल्व्हर घोस्ट हे नाव पडलं. तिच्या सांगाड्यात रॉईसनं बऱ्याच ठिकाणी रिव्हेटऐवजी निमुळते बोल्ट वापरले. गरम ठोकलेला रिव्हेट गार होताना आक्रसतो, भोकात बारीक फट राहते आणि धक्क्यांनी ती वाढत जाते. निमुळता बोल्ट मापानं कोरलेल्या भोकात गच्च बसतो. कटकटीचं आणि महागडं काम, पण सांधा हलत नाही.

१९०७ साली या गाडीची परीक्षा झाली. लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्या मारत ती १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजारांहून जास्त किलोमीटर, बिघाडासाठी न थांबता धावली. सुरुवातीला एकदा पेट्रोलची तोटी धक्क्यानं बंद झाली होती, तेवढा मिनिटभराचा खोळंबा. पण खरी कमाल पुढं आहे. परीक्षा संपल्यावर रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या लोकांनी गाडी पूर्ण खोलली आणि ती पुन्हा नव्यासारखी करायला किती सुटे भाग लागतील याचा हिशेब मांडला.

बिल आलं २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स.

आता यात महाराष्ट्र कुठं येतो? १९०८ च्या सुमारास पर्ल ऑफ द ईस्ट नावाची अशीच एक गाडी मुंबईत उतरवली गेली आणि मुंबई-कोल्हापूर अशा परीक्षेत धावली. सहा घाट, सुमारे हजार किलोमीटर, आणि ना वाटेत पेट्रोल पंप ना मेकॅनिक. ती बिघाडाशिवाय पार पडली. पुढं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. आपल्याकडच्या संस्थानिकांना या गाडीचं वेड लागलं त्यामागं थाट होताच, पण घाटात दगा देत नाही ही खात्रीही होती.

नाव झालं, पैसा आला. रॉईसच्या वाट्याला मात्र सुख थोडंच आलं. १९१० साली रोल्स विमान अपघातात गेला. दुसऱ्याच वर्षी रॉईस गंभीर आजारी पडला, मोठं ऑपरेशन झालं. कंपनी सांभाळणाऱ्या क्लॉड जॉन्सननं त्याला डर्बीच्या कारखान्यापासून लांब ठेवलं, कारण तिथं गेला की हा माणूस काम करून मरेल अशी भीती होती. बायकोपासूनही तो वेगळा राहू लागला. नर्स एथेल ऑबिन हिनं पुढची दोन दशकं त्याची काळजी घेतली.

म्हणजे जगातली नावाजलेली गाडी बनवणारा माणूस शेवटची वीसेक वर्षं आपल्याच कारखान्यात जवळपास फिरकला नाही. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्स, एरवी इंग्लंडचा किनारा. डिझाईन करणारे लोक त्याच्या घराजवळ येऊन राहायचे. घरूनच कागदावर चित्रं, पत्रं, दुरुस्त्या, आणि डर्बीहून तपासणीला आलेले सुटे भाग. पहिल्या महायुद्धातलं ईगल विमान इंजिन असंच घडलं. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो याच इंजिनांवर. १९३० साली रॉईसला सर हा किताब मिळाला. स्वतःची ओळख मात्र तो मेकॅनिक अशीच करून द्यायचा.

२२ एप्रिल १९३३ ला वेस्ट विटरिंगच्या घरी, ७० व्या वर्षी, तो गेला. पुढं दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या मर्लिन इंजिनाचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. अस्थी काही वर्षांनी अल्वाल्टनच्या चर्चमध्ये नेऊन ठेवल्या.

आणि त्याच्या गाड्या? नव्या मॉडेलांपुढं त्या जुनाट दिसू लागल्या आणि कवडीमोल झाल्या. पण इंजिन आणि सांगाडा इतका दणकट की गॅरेजवाल्यांनी त्या घेतल्या, मागची बॉडी कापून तिथं क्रेनचा हूक बसवला आणि बंद पडलेल्या दुसऱ्या गाड्या ओढून आणायला त्यांना जुंपलं. काही शववाहिका झाल्या. १९४९ साली इंग्लंडमध्ये जुन्या रोल्स रॉईसवाल्यांनी २०-घोस्ट क्लब काढला, १९५७ साली आणखी एक क्लब निघाला. शेडमध्ये धूळ खात पडलेल्या, हूक लावलेल्या या गाड्या लोक मग शोधून घरी आणू लागले आणि एकेक नट खोलायला बसले.