गाणे आपले, नाव कुणाचे?

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला सापगावला गेलो होतो. शहापूरजवळचेच गाव. गायन पार्टी तालुक्यातलीच, पोरे विशी-बाविशीची. आवाज खणखणीत आणि ढोलकी तर अशी की, म्हातारी माणसेही पुढे सरकून बसली. सलग तीन गाणी झाली, तिन्ही वामनदादांची. निवेदकाने मात्र तिन्ही वेळा हे पारंपरिक भीमगीत आहे असे जाहीर केले. पारंपरिक म्हणजे ज्याच्या मायबापाचा पत्ता नाही असे! ज्या कवीने शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफून ठेवले, त्याचे गाणेही आपण पोरके करायचे काय? तो पोरगा तल्लीन होऊन वामन हा शब्द गात होता, पण ते गाणे लिहिणाऱ्याचे नाव आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

म्हणून आज वामनदादा कर्डक यांच्याविषयी लिहितो आहे. (जलशाचे भीमराव कर्डक वेगळे. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, त्यामुळे आपली मंडळी नेहमी घोटाळा करतात.)

15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी वामनदादांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. घरची गरिबी मुंबईला घेऊन आली. शिवडीची बीडीडी चाळ हे नवे घर झाले. पोटासाठी कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. समता सैनिक दलाचा हा तरणाबांड सैनिक पोरांना लाठीकाठी शिकवी. एके दिवशी कुणीतरी आलेले पत्र वाचून दाखव म्हणून हातात दिले आणि वामनला रडू कोसळले. पत्रातल्या मजकुरामुळे नव्हे, त्याला तो वाचताच येत नव्हता म्हणून. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी बाराखडी गिरवून घेतली. जोडाक्षरे शिकण्यासाठी मात्र मास्तरही लागले नाहीत, दुकानांच्या पाट्याच पुस्तक झाल्या. रस्त्याने चालता चालता हा माणूस साक्षर झाला.

डोक्यात सिनेमाचे वेड होते. स्टुडिओंचे उंबरठे झिजवले, गर्दीतली कामे केली. 3 मे 1943 रोजी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेले विडंबन. लोक हसले, दाद मिळाली आणि वामनला आपली वाट सापडली. पुढे सिनेमानेही दादांना बोलावले. ‘सांगत्ये ऐका’ (1959) मध्ये त्यांचे गीत आहे. पण तोवर दादा बाबासाहेबांच्या विचाराने पुरते भारले गेले होते. वस्तीतला ओटा, गावकुसाबाहेरचा मांडव, जयंतीचे स्टेज हाच त्यांचा स्टुडिओ झाला. एसटीने, बैलगाडीने, पायी, जसे जमेल तसे हिंडले. गाणे सुचेल तिथे लिहायचे, स्वतःच चाल बांधायची, रात्री गायचे आणि सकाळी पुढचे गाव. यात संसार कसा व्हायचा? पहिली पत्नी सोडून गेली, लेक मीरा लहानपणीच दगावली. हजारो गाण्यांच्या या धन्याचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला तो 1973 साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. मधल्या काळात गाणी माणसांच्या तोंडी होती. तीच त्यांची थोरवी आणि तोच त्यांचा घात. तोंडोतोंडी गेलेल्या गाण्याचे नाव वाटेत गळते. 1993 मध्ये वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 15 मे 2004 रोजी नाशिकला ते गेले.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची काळी बाई होती. लहानपणी दुसऱ्यांच्या घरी कामे करून साठवलेल्या पैशातून तिने गिटार घेतली. डावखुरी असल्याने ती उलटी धरून वाजवी. खर्जाच्या तारा बोटांनी, चाल अंगठ्याने. कोवळ्या वयातच तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे केले. मग लग्न झाले, चर्चने टोकले आणि अनेक वर्षे गिटार दूर राहिली. साठीच्या आसपास ती सीगर नावाच्या संगीतकार कुटुंबात मोलकरीण होती. तिथे भिंतीवरची गिटार तिने पुन्हा हाती घेतली. 1958 साली तिची तबकडी निघाली, पण त्याआधीच ते गाणे इंग्लंडात भलत्यांच्याच नावावर गाजत होते! भांडून ते नाव परत मिळवावे लागले. नव्वदी ओलांडल्यावर, 1985 साली तिला ग्रॅमी मिळाले. 1987 मध्ये ती वारली. आज तिची बोटे चालवण्याची पद्धत तिच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्याकडेही कायदा आहे. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे दादांच्या हयातीत छापल्या गेलेल्या गाण्यांवर तो 2064 सालअखेरपर्यंत आहे. मंडळाने जयंतीत फुकट गायले तर कुणी अडवणार नाही आणि अडवूही नये. पण कॅसेटवाल्यांनी, सीडीवाल्यांनी आणि आता मोबाईलवाल्यांनी जो पैसा केला, त्यात गीतकार म्हणून किती ठिकाणी दादांचे नाव आहे? माझ्याकडच्या जुन्या कॅसेटी काढून पाहिल्या. गायकाचा फोटो आहे, कंपनीची मोहर आहे. गीतकाराची जागा दोन कॅसेटींवर कोरी आहे. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क सांगणारी माणसे आपण, आणि आपल्याच कवीच्या शब्दांवरचा त्याचा हक्क आपल्याला दिसत नाही!

सापगावात मध्यंतर झाले तेव्हा त्या पोराला बाजूला घेतले. रागावलो नाही, शेवटचे कडवे पुन्हा म्हणायला सांगितले. तो म्हणू लागला आणि वामनपाशी अडखळला. हा कोण, असे त्यानेच विचारले. चहा गार होईपर्यंत त्याला देशवंडीपासून सगळे सांगितले. पत्राची गोष्ट ऐकून ढोलकीवाला पोरगाही जवळ येऊन उभा राहिला. मग त्या दोघांनी गाण्यांची वही काढली आणि एकेका गाण्याखाली पेनाने नाव लिहायला बसले. वहीत अठरा गाणी होती. अकरा दादांची निघाली.