कर्मवीर भाऊराव पाटील

बुद्धी, विद्येची आवड व कष्टाची तयारी ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत, परंतु रात्री पाठ टेकण्यास ज्याला जागा नाही, अशा विद्यार्थ्याची केवळ फी माफ करून काय उपयोग? हा प्रश्न ज्या थोर पुरुषाने आयुष्यभर आपला मानला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे अल्पचरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

भाऊरावांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर प्रांतातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगात राहू लागले. परगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय झाल्यावाचून विद्या खेड्यांत पोहोचणार नाही, हे ओळखून छत्रपती शाहू महाराजांनी त्या नगरीत निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला होता. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मनुष्याच्या स्पर्शाने मनुष्य बाटत नाही, एवढ्या सत्यासाठी हा विद्यार्थी निराश्रित झाला. तेव्हा शाहू महाराजांनी त्याला आपल्या वाड्यात थारा दिला.

मॅट्रिकची परीक्षा भाऊरावांच्या हातून उतरली नाही; तथापि आसऱ्याची किंमत ते पुरती शिकले. पुढे त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या, व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी खेडोपाडी प्रवास केला. त्या भ्रमंतीत शेतकऱ्यांचे दारिद्र्य व अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. ज्यांनी आपल्याला आसरा दिला, त्यांचे नाव आपण दिलेल्या आसऱ्यास देणे, याहून सुंदर ऋणफेड ती कोणती?

या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व स्वतःची कामे स्वतः करीत. भिक्षान्नावर वाढलेला विद्यार्थी मान खाली घालतो, घाम गाळून शिकलेला ती ताठ ठेवतो, अशी भाऊरावांची श्रद्धा होती.

परंतु या कार्याचा खरा भार कोणी वाहिला, हे आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या त्या मुलांची आईच झाल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले. पैसा संपला तसे त्यांचे एकेक दागिने गेले. आणि एकदा मुलांच्या पोटासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही विकावयास दिले. आपल्या समाजात सवाष्ण स्त्रीला त्या मण्यांचे मोल काय असते, हे सांगणे नलगे. १९३० साली त्या निवर्तल्या. पुढील वैभव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग हाउस निघाले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले, व कमवा आणि शिका या योजनेने गरीब तरुणांना श्रमाच्या बळावर उच्च शिक्षण घेण्याची वाट मोकळी झाली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या या पुरुषास १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे; आणि वटवृक्ष आपल्या सावलीस आलेल्याची जात विचारीत नाही.

आमच्या शाळेतून बाहेर पडणारी मुले उद्या परक्या शहरांतील कॉलेजांत जातील. काहींना तेथे घर मिळेल, काहींना मिळणार नाही. आणि ज्याला मिळत नाही, तो बहुधा लाजेने ते बोलूनही दाखवीत नाही. विद्यार्थिमित्रहो, अशा सोबत्याला ओळखा, व त्याचा मान राखून त्याला हात द्या. पालकहो, घरातील एक कोपरा, ताटातील एक भाकरी एवढ्यानेही एखाद्याचे वर्ष वाचते. प्रभू येशूने परक्याला घरात घेणे ही आपलीच सेवा मानली. जैन कुळातील भाऊरावांनी व लक्ष्मीबाईंनी ती सेवा किती मनोभावे केली, हे पाहून आम्ही ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी आपल्या दाराची कडी अंमळ सैल करावी, हीच आमची विनंती आहे.