डार्विन आणि कंकणद्वीपांचे कोडे

चार्ल्स डार्विन म्हटले की उत्क्रांतिवाद आठवतो. परंतु १८०९ साली इंग्लंडमधील श्रूजबरी येथे जन्मलेल्या या निसर्गशास्त्रज्ञाचा पहिला मोठा सिद्धान्त प्रवाळबेटांविषयीचा होता. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून, केंब्रिजची पदवी घेऊन ते १८३१ च्या अखेरीस 'बीगल' जहाजातून निघाले.

प्रवाळभित्ती रचणारे जीव उथळ, उबदार पाण्यातच जगतात. मग अथांग महासागरात त्यांची कंकणद्वीपे उभी राहिली कशी? बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखावर ती वाढतात, असे चार्ल्स लायेल मानीत. १८३५ मध्ये चिलीतील भूकंपाने वर उचललेला किनारा डार्विन यांनी पाहिला. जमीन उचलली जाते, तर ती खचतही असणार! ज्वालामुखी बेट सावकाश खचते, काठावरचे प्रवाळ उजेडाकडे वाढत राहतात. अखेर डोंगर बुडतो, मधोमध खाजण आणि भोवती कंकण उरते. नवल असे, की हा विचार त्यांना खरी प्रवाळभित्ती पाहण्याआधीच सुचला होता. ताहितीहून दिसलेले मूरेआ आणि १८३६ मध्ये पाहिलेली हिंदी महासागरातील कीलिंग बेटे यांनी तो दृढ केला.

१८४२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. लायेल यांनी आपले मत सोडले. जॉन मरे यांनी मात्र १८८० मध्ये खचण्याची कल्पनाच अनावश्यक ठरवली. खोल विंधण घेतल्याखेरीज निकाल लागणार नव्हता. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तले, तेव्हा वाद धुमसतच होता. फुनाफुटीवरील विंधण १८९८ पर्यंत सुमारे ३४० मीटर उतरले, तरी ज्वालामुखीचा खडक लागला नाही. तो लागला १९५२ मध्ये एनेवेटॉक येथे, सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळखडकाखाली. त्याच वर्षी अमेरिकेने तेथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि त्या कंकणातील एक बेट नाहीसे झाले.