हवेचा हिशोब

आमच्या होस्टेलवर दर सेमिस्टरला एक ट्रिप ठरते आणि दर सेमिस्टरला ती मोडते. यंदा विषय निघाला मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ समुद्रात उतरायचं, स्कुबा डायव्हिंग करायचं! रात्री अकरा वाजता बारा जण तयार होते. सकाळी मेसमध्ये पोह्याच्या रांगेत चार उरले. मग कुणीतरी विचारलं, रिझर्व्हेशन कोण करणार, पैसे कोण गोळा करणार, पोहता कुणाकुणाला येतं? झालं, ट्रिप तिथेच बुडाली.

परभणीहून समुद्र तसा लांबच. आपलं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी नाहीतर जिंतूरकडचं येलदरी धरण. पण ट्रिप का मोडते याचा विचार करताना मला एक माणूस आठवला. त्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षं समुद्रावर ट्रिपाच काढल्या. एका जुन्या लाकडी बोटीवर माणसं राहायची, जेवायची, झोपायची आणि तिथूनच पाण्यात उड्या मारायची. आज अशा बोटीला लाइव्हअबोर्ड म्हणतात. त्या माणसाचं नाव जॅक-ईव्ह कुस्तो, आणि त्याच्या बोटीचं नाव कॅलिप्सो.

कुस्तोचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या लहान गावी झाला. लहानपणी तब्येत किरकोळ, अभ्यासात लक्ष नाही. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्याला शाळेतून काढून टाकलं होतं. (हे वाचून आमच्या विंगमधल्या काही जणांना फार बरं वाटलं!) पण यंत्रं आणि कॅमेरा यांचा नाद मात्र जबरदस्त. 1930 मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. एका मोटार अपघातात दोन्ही हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हात पुन्हा धड व्हावेत म्हणून तो तुलोंजवळच्या समुद्रात पोहू लागला. 1936 मध्ये फिलिप तायये या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. कुस्तोने तो लावून डोकं पाण्याखाली घातलं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एका क्षणाने ठरवलं.

अडचण एकच होती, श्वास. छातीत भरून घेतलेली हवा मिनिट-दोन मिनिटं पुरणार. डिसेंबर 1942 मध्ये पॅरिसला त्याची गाठ एमिल गान्यां या इंजिनिअरशी पडली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गान्यांने गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा हा व्हॉल्व्ह माणसाच्या फुफ्फुसाला का लावू नये? जानेवारी 1943 मध्ये मार्न नदीत चाचणी झाली आणि ती चक्क फसली. उभं राहिलं की हवा फुकट वाहून जायची, डोकं खाली केलं की येईनाशी व्हायची. दोघांनी डोकं लढवलं. उच्छ्वास बाहेर टाकायची जागा आणि हवा आत येण्याची जागा यांच्या उंचीत फरक होता, म्हणजेच पाण्याच्या दाबातही फरक पडत होता. दोन्ही जागा एकत्र आणल्या आणि दोष गेला. आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये जे शिकवतात, तेवढ्यावर अ‍ॅक्वालंग जन्माला आला.

जून 1943 मध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर कुस्तो तो पाठीला बांधून समुद्रात उतरला. फोटोत आपल्याला एकटा कुस्तो दिसतो. पण त्याची बायको सिमोन पाण्यावर तरंगत, चष्म्यातून खाली नजर लावून होती. फ्रेडरिक द्युमा हा पट्टीचा पोहणारा काठावर तयार बसला होता, इशारा मिळाला की सूर मारायला. म्हणजे स्कुबाच्या पहिल्या दिवसापासूनच एक जण खाली आणि बाकीचे त्याच्यासाठी वर, अशी पद्धत होती. ती एकट्याची गोष्ट कधी नव्हतीच.

हे शहाणपण मात्र पुरतं अंगात मुरायला फार मोठी किंमत पडली. ऑगस्ट 1946 मध्ये कुस्तो आणि द्युमा व्होक्ल्यूझच्या प्रसिद्ध झऱ्यात उतरले. आत अंधार, पाणी थंड, वरच्या माणसांशी संबंध फक्त एका दोराचा. किती झटके दिले म्हणजे काय समजायचं हे आधी ठरलं होतं. पण खाली गेल्यावर दोघांची डोकी फिरल्यासारखी झाली, ठरलेलं आठवेना, द्युमा तर बेशुद्धीच्या काठावर. दोर वर धरून होता मॉरिस फार्ग. खालचे झटके आणि वरची समजूत यांचा मेळ बसेना, आणि शेवटी कसेबसे दोघे जिवंत बाहेर आले. नंतर सिलिंडरमधली हवा तपासली तर तिच्यात कार्बन मोनॉक्साइड निघाला! सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. दोन धाडसी माणसं, उत्तम यंत्र, महिनोन्महिन्यांची तयारी, आणि चूक कुठे, तर हवा आत घेणारी नळी कुठे ठेवली यात.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1947 मध्ये, साध्या हवेवर माणूस किती खोल जाऊ शकतो हे पाहायला फार्ग उतरला. 120 मीटरपर्यंत तो पोचला, आणि मग दोरावरचे इशारे थांबले. वर ओढून काढला तेव्हा उशीर झाला होता. व्होक्ल्यूझला ज्याने कुस्तोचा दोर धरला होता, त्याचाच दोर आता कुस्तोच्या माणसांच्या हातात होता आणि त्यांना त्याला वाचवता आलं नाही. त्यानंतर कुस्तोने आणखी खूप धाडसं केली, पण माझ्या मते त्याच्यातला खरा कप्तान या दोन वर्षांत तयार झाला.

कॅलिप्सो त्याला 1950 मध्ये मिळाली. 1942 मध्ये अमेरिकेत सिअॅटलला बांधलेली ही ब्रिटिश नौदलाची सुरुंग काढणारी बोट. चुंबकीय सुरुंगांना लोखंडाचा सुगावा लागतो, म्हणून तिचा सांगाडा लाकडाचा. युद्धानंतर ती माल्टाला फेरीबोट म्हणून प्रवासी नेत होती. लोएल गिनेस या श्रीमंत गृहस्थाने ती विकत घेऊन कुस्तोला वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने दिली. बोट मिळाली, पण ती सजवायला पैसा कुठे होता? सिमोनने आपले दागिने विकले. बोटीच्या नाकाखाली पाण्यात काचेच्या खिडक्यांची एक खोली बसवली. साधारण सत्तावीस माणसांची राहण्याची सोय झाली. नोव्हेंबर 1951 मध्ये शास्त्रज्ञ आणि पाणबुडे घेऊन कॅलिप्सो तांबड्या समुद्राकडे निघाली.

अशा सफरीची तयारी म्हणजे काय असते? मी वही काढली आणि आपल्याच ट्रिपचा हिशोब करून बघितला. समजा सिलिंडर 12 लिटरचा, त्यात 200 बार दाबाने हवा. म्हणजे वरच्या दाबाने सुमारे 2400 लिटर. माणूस मिनिटाला 20 लिटर हवा घेतो असं धरलं तर पृष्ठभागावर ती 120 मिनिटं पुरेल. समुद्रात दर 10 मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. 30 मीटरवर चारपट दाब, म्हणून तीच हवा 30 मिनिटं. त्यातली पाव हवा राखीव ठेवायची, उरली बावीस मिनिटं. आता दहा जण, दिवसाला तीन बुड्या, सहा दिवस, म्हणजे 180 वेळा सिलिंडर भरायचे! एवढे सिलिंडर बोटीवर मावणार नाहीत, म्हणून कॉम्प्रेसर हवा. कॉम्प्रेसर आला की डिझेल आलं, आणि त्याचा धूर कुठे जातो हे बघणारा माणूस आला.

नायट्रोजनचा हिशोब वेगळाच. दाबाखाली तो अंगात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हळूहळू वर यायचं, दोन बुड्यांमध्ये विश्रांती घ्यायची, आणि बरेच दिवस बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास थांबायचं. मालवणहून परत येताना घाट लागतो, तेव्हा उंचीचाही विचार आलाच. मग पिण्याचं पाणी, भाजीपाला, औषधं, कुणाची बुडी कुणाबरोबर, हवामान बिघडलं तर कुठल्या बंदरात शिरायचं... यादी संपतच नाही.

कॅलिप्सोवर यातलं बरंचसं सिमोन बघायची. स्वयंपाकघराचं सामान, आजाऱ्यांची शुश्रूषा, पैशांची ओढाताण, भांडलेल्यांची समजूत. खलाशी तिला ला बर्जेर म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत धनगरीण. कळप सांभाळणारी! कॅमेऱ्यासमोर यायला ती तयार नसायची, पण बोटीवर ती कुस्तोपेक्षाही जास्त दिवस राहिली असं सांगतात.

पैशांसाठी कुस्तोने पडेल ते काम केलं. 1954 मध्ये पर्शियन आखातात तेल कंपनीसाठी समुद्रतळाचे दगड गोळा केले. 1955 च्या सफरीत चित्रित झालेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला 1956 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. पण आज तो चित्रपट बघताना मन खट्टू होतं. त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलेला आहे. बोटीमुळे व्हेलचं पिल्लू जखमी होतं आणि रक्ताच्या वासाने आलेल्या शार्कना खलाशी संतापून ठार मारतात. स्वतःच्या माणसांच्या प्रत्येक श्वासाचा हिशोब ठेवणाऱ्या कुस्तोने त्या वेळी समुद्राचा हिशोब ठेवला नव्हता. हे झाकून त्याचं चरित्र लिहिणं बरोबर नाही. मात्र तो तिथे थांबला नाही, हेही खरं. 1960 मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायच्या बेताविरुद्ध तो उभा राहिला. 1968 पासून टीव्ही मालिकांमधून त्याने जगाला समुद्र दाखवला आणि 1973 मध्ये समुद्ररक्षणासाठी कुस्तो सोसायटी काढली.

मधल्या काळात तर त्याने पाण्याखाली घरंच बांधली. 1962 मध्ये मार्सेलजवळ 10 मीटर खोल दोघे जण आठवडाभर राहिले. 1963 मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ पाच जण महिनाभर, आणि 1965 मध्ये 100 मीटर खोलीवर सहा जण तीन आठवडे. पहिल्या दोन घरांत खालच्यांना हवा, वीज, जेवण सगळं वरून. सुदानच्या त्या घरात कुस्तो आणि सिमोनने आपल्या लग्नाचा सव्विसावा वाढदिवस साजरा केला.

शेवटची वर्षं सोपी गेली नाहीत. 28 जून 1979 रोजी धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ सी-प्लेनच्या अपघातात गेला. वडिलांचं विमानाचं सुटलेलं स्वप्न मुलाने उचललं होतं. डिसेंबर 1990 मध्ये सिमोन गेली, तिची रक्षा समुद्रातच सोडली. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला बाहेर काढलं, पण पूर्वीची कॅलिप्सो पुन्हा समुद्रावर गेली नाही. 25 जून 1997 रोजी सत्त्याऐंशी वर्षांचा कुस्तो पॅरिसला वारला. जन्मगावीच त्याला दफन केलं.

मित्रांनो, कुस्तो म्हटलं की लाल टोपी आणि निळा समुद्र आठवतो. मला आता त्याआधी तो कॉम्प्रेसर आठवतो. धाडस कमी पडलं तर माणूस काठावर बसून राहतो, फार काही बिघडत नाही. हिशोब कमी पडला तर मात्र कुणाच्या तरी घरी निरोप जातो.

आपल्या मालवणच्या ट्रिपची वही मी पुन्हा उघडली आहे. पहिल्या पानावर नावं नाहीत, कामं लिहिली आहेत. रिझर्व्हेशन, पैसे, डॉक्टरचा दाखला, पोहता न येणाऱ्यांची यादी, आणि बोटीवर गेल्यावर हवा कुठून भरतात हे विचारणारा एक जण. कामापुढे ज्याला आपलं नाव लिहायचं असेल त्याने रात्री जेवणानंतर खोलीवर यावं. पेन ठेवलेला आहे.